एहूद मानोर: मूळ गीत कुठलं, रूपांतर कुठलं?

शब्दवेडी: एहूद मानोर (१९४१–२००५) यांच्या नावावर हजाराहून जास्त हिब्रू गीतं आहेत, शिवाय ‘कॅबरे’, ‘ले मिझराब्ल’सारख्या नाटकांचे अनुवाद. यातलं स्वतःचं आणि परभाषेतून आणलेलं वेगळं कसं काढायचं? मराठीत करायला सुरुवात कुठून करू?

तालमात्रा: श्रेयाची ओळ बघा. ‘मिलिम’ म्हणजे शब्द, ‘लाखान’ म्हणजे चाल. ‘नूसाख इव्री’ असेल तर ते हिब्रू रूपांतर.

रूपांतरं शिकायला १९७८चा ‘एरेत्स त्रोपित याफा’ हा अल्बम घ्या. गाणी ब्राझीलची, हिब्रू शब्द मानोर यांचे, गाणारे मत्ती कास्पी आणि येहुदित रावित्स. पोर्तुगीजमध्ये आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर, हिब्रूत बहुधा शेवटच्या. तसेच शब्द बसवले तर सम चुकीच्या अक्षरावर पडते आणि कानाला लगेच खटकतं. मग ‘हालाख्ती’ (मी गेलो) सारखी भूतकाळी रूपं किंवा ‘येलेद’, ‘देरेख’ असे शब्द कामी येतात. त्यांचा आघात आधीच्या अक्षरावर असतो. असे शब्द कुठे ठेवलेत ते खुणा करत ऐका.

पाटीपेन्सिल: मानोर यांचं ‘आ-बा-नी-बी’ हे गाणं निरर्थक समजून सोडू नका. पोरांची ‘बेत’ची (हिब्रू ‘ब’ची) भाषा आहे ती. प्रत्येक अक्षरानंतर ‘ब’ला तोच स्वर लावायचा, शेवटचं व्यंजन असेल तर ते ‘ब’च्या मागे सरकतं. म्हणजे ‘हेव’चं ‘हे-बेव’. असं उलगडलं की ‘आनी ओहेव ओताख’ मिळतं, माझं तुझ्यावर प्रेम आहे. चाल नुरित हिर्श यांची. १९७८ला पॅरिसमध्ये इझहार कोहेन आणि अल्फाबेता यांनी हे गाऊन इस्रायलला पहिल्यांदा युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकून दिली. मराठीत आणताना आपली ‘च’ची भाषा वापरायचा मोह आवरा, तिथे अक्षरांची जागाच बदलते, मूळ ठेका मोडतो.

तालमात्रा: सुरुवात ‘बाशाना हाबाआ’ (पुढच्या वर्षी) या गीतापासून करा. मानोर यांचा धाकटा भाऊ यहूदा १९६८मध्ये सुएझच्या आघाडीवर मारला गेला, हे गीत त्यानंतरचं. व्हरांड्यात बसून स्थलांतरित पक्षी मोजायचे, सगळी क्रियापदं भविष्यकाळी. चाल आनंदी आहे म्हणून शब्दांत आणखी साखर घालू नका. शिवाय पासोव्हर या ज्यू सणाच्या जेवणाअखेरीस ‘पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये’ म्हणतात, ते ज्यू श्रोत्याला आठवतं. मराठीत ‘पुढच्या वर्षी’ने ओळ उघडलीत तर कानात गणपती विसर्जन वाजेल. तो शब्द ओळीच्या मध्ये ढकला.