बाबांचा पार्किन्सन्स आणि ताईचा घटस्फोट: धसक्याने हा आजार होतो का?

ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचा पेशंट आहे अशा सगळ्यांना विचारतोय, नागपूरकरांना विशेष.

बाबा ६८ वर्षांचे. धंतोलीतल्या न्यूरोलॉजिस्टनी यंदा निदान केलं. उजव्या हाताला कंप, चाल मंदावलेली, सही बारीक होत गेलेली. दोन वर्षांपूर्वी ताईचा घटस्फोट झाला, तेव्हापासून बाबा गप्प गप्प असायचे. आता भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "पोरीच्या टेन्शननंच होऊन राहिलं हे. धसका घेतला त्यांनी." आईलाही तेच पटलंय. ताई इतकी खचली आहे की तिनं घरी येणंच सोडलंय. बाबा तिची वाट बघत असतात.

मला हे पटत नाही. घटस्फोटाच्या कितीतरी आधीपासून बाबांना फोडणीचा वास येत नव्हता. झोपेत ओरडायचे, हातपाय झाडायचे. बद्धकोष्ठ तर जुनंच. हात थरथरायच्या बरीच वर्षं आधी ही लक्षणं दिसू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत बाबांनी उभं आयुष्य स्वतः फवारणी केली. पॅराक्वाटसारख्या तणनाशकांचा या आजाराशी संबंध काही अभ्यासांत दिसलाय, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही!

तरी घरात वाद झाला, नुसता ताईचा विषय निघाला, की कंप वाढतो. हे बघून आई म्हणते, बघ, मी म्हणत नव्हते? तिला काय सांगू? आणि नागपुरात रुग्णांच्या घरच्यांचा एखादा गट आहे का?

प्रतिसाद:
दादा, माझ्या सासऱ्यांनाही हाच आजार आहे. ताणानं कंप वाढतो हे खरंच, पण कंप वाढणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींवर ताबा ठेवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं कमी होत जातात. निम्म्याच्या आसपास गेल्या की मग हात थरथरायला लागतो. मोठ्या मानसिक आघातानंतर पार्किन्सन्सचं प्रमाण जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. मात्र चिंता आणि नैराश्य हीच या आजाराची सुरुवातीची लक्षणंही असतात, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे सुटत नाही. बाबांचं तेव्हाचं गप्प राहणंही त्यातलंच असू शकतं, हे आईंना सांगा. गटासाठी पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे विचारून बघा. आणि पुढच्या तपासणीला आई आणि ताई दोघींना सोबत न्या. वास जाणं, झोपेतलं ओरडणं कधीपासूनचं, ते तारखांसकट डॉक्टरांपुढे मांडा. डॉक्टरांचं बोलणं ताईंनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं.