लाल मातीच्या वाटेसाठी जिमनीला मोठे टायर बसवावेत का?

कलमवाला (राजापूर तालुका)
नमस्कार. माझ्याकडे मारुतीची पाच दरवाज्यांची जिमनी (चारही चाकांना ताकद देता येणारी छोटी गाडी) असून तिला कंपनीचेच 195/80 R15 टायर आहेत. डांबरी रस्ता सोडल्यावर आमच्या कलमांच्या बागेपर्यंत दीडेक किलोमीटर जांभ्याची वाट आहे. आंब्याच्या हंगामात पेट्या भरूनही गाडी विनातक्रार येते. परंतु मृग लागल्यावर खताची पोती घेऊन निघालो की व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडच्या चढावर चाके जागच्या जागी फिरतात आणि दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा मागच्या डिफरन्शियलला (मागच्या आसावरच्या, खाली लोंबणाऱ्या गियरच्या गोळ्याला) घासतो. टायरवाल्याने 235/75 R15 सुचवले असून ‘काही होत नाही, बिनधास्त बसवा’ असे त्याचे म्हणणे आहे. अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

घाटवाट
टायरवाल्याचे ऐकण्याआधी एकदा हिशेब करून पाहावा. टायरची रुंदी 195 मिमी, तिचे 80 टक्के म्हणजे 156, ही बाजूच्या भिंतीची उंची. त्याची दुप्पट 312. त्यात 15 इंची रिमचे 381 मिळवले की टायरचा व्यास 693 मिमी होतो. याच रीतीने 235/75 चा व्यास 733.5 मिमी येतो, म्हणजे वाढ 40.5 मिमीची. मात्र डिफरन्शियल उचलले जाते ते त्याच्या निम्म्याने, जेमतेम 20 मिमी. तेवढ्यासाठी गमवावे लागते ते असे: व्यास सुमारे 5.8 टक्क्यांनी वाढल्यामुळे गियर तितकेच लांब पडतात, आणि दीड लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला भरल्या गाडीने गगनबावड्याचा घाट चढताना एक गियर खाली उतरावे लागते. स्पीडोमीटरही कंपनीच्या टायरच्या तुलनेत मागे पडतो. पूर्वी ज्या वेगाला काटा 80 दाखवत असे, त्याच काट्यावर आता गाडी 84 ते 85 ने धावेल. शिवाय टायर जड झाल्याने ब्रेकवरचा ताण वाढतो आणि पेट्रोलही जास्त लागते.

त्याहून महत्त्वाची बाब रिमची. कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे, आणि 235/75 ला निदान सहा इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर हा टायर चढवल्यास मधला पट्टा फुगून लवकर झिजतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक खड्ड्यात दाबले गेले की मडफ्लॅपला आणि आतल्या लायनरला घासण्याचा संभवही आहे. बदल करायचाच असेल, तर 215/75 R15 घ्यावा. त्याचा व्यास 703.5 मिमी, म्हणजे वाढ दीडच टक्का आहे, आणि तो मूळ रिमवर बसतो.

खाणीवरचा
वरील हिशेब योग्य आहे. फक्त चाके फिरण्याचे कारण टायरची उंची नाही, हे मी आवर्जून सांगेन. मी चिऱ्याच्या खाणीवर रोज चारचाकी नेतो. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरते, त्यावर लाल मातीचा थर बसतो, आणि रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा पहिल्या दहा पावलांतच लिंपून जातात. मग तो टायर गुळगुळीतच समजावा. तुम्हाला हवा आहे तो ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या नक्षीचा टायर. मड-टेरेन घेऊ नये. चिखलात तो उत्तम चालतो, पण पावसात भिजलेल्या डांबरावर ब्रेक मारताना त्याचा भरवसा वाटत नाही, आणि तुमची बहुतेक धाव डांबरावरचीच असणार.

दुसरे म्हणजे हवा. व्हाळाच्या अलीकडे थांबून दाब 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवावा, 4L (चारही चाकांना ताकद देणारा, कमी वेगाचा गियर) टाकावा आणि चढ एका लयीत, थांबा न घेता चढावा. बागेतून परतल्यावर डांबराला लागण्याआधी छोट्या कॉम्प्रेसरने हवा पूर्ववत भरावी. हा कंटाळा बहुतेक जण करतात, मीही केला होता. कमी हवेत चिऱ्याच्या कडेला बाजूची भिंत कापली गेली आणि पंक्चरवाल्याने नुसती मान हलवली.

स्टेपनी
दोन गोष्टी राहिल्या. घ्यायचेच तर पाचही टायर एकाच मापाचे घ्यावेत. 4H मध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाचा गियर) पुढची आणि मागची चाके एकमेकांना जखडली जातात. एखादे चाक वेगळ्या व्यासाचे असेल, तर कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरच्या पेटीवर) ताण येतो. मागच्या दाराला टांगलेली जुनी स्टेपनी म्हणूनच कामाची राहत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही; म्हणून माप ठरवण्यापूर्वी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

कलमवाला
सर्वांचे आभार. काल वाटेवर पट्टी घेऊन गेलो. मधला उंचवटा चाकोरीपासून सर्वांत वाईट ठिकाणी 24 सेंमी भरला, आणि जिमनीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागाची उंची) 21 सेंमी आहे. म्हणजे 235 बसवूनही घासणे चुकले नसते. आता दोन ट्रॉली चिऱ्याचे तुकडे मागवून चाकोऱ्या भरून घेणार आहे. 215/75 ऑल-टेरेनचे पाच टायर मात्र, विमा कंपनीचे उत्तर आले की, मे संपण्यापूर्वी बसवेन.