पहिली पाइप तंबाखू कशी निवडलीत? (अनुभव धागा)

संथधूर

परवा लिफ्टमधून एक आजोबा उतरले आणि त्यांच्यामागे तो वास आतच राहिला. हातात पाइप वगैरे काही नव्हता, कोटात मुरलेला वास होता, लाकडाच्या धुराचा आणि जुन्या चामड्याचा. लटाकिया, धुरावर धरलेली तंबाखू! एकदम मामाचं टेबल डोळ्यासमोर आलं. (मामा लटाकिया ओढत नसे, त्याची साधी व्हर्जिनिया होती, पण पाइपचा कुठलाही वास आला की मला तोच आठवतो.)

त्याच्याकडे चपटा पत्र्याचा डबा असायचा, आत पांढऱ्या कागदाच्या घडीत तपकिरी पट्ट्या एकावर एक रचलेल्या. एक पट्टी काढायचा, दुमडून तळहातावर चोळायचा की तंतू सुटे व्हायचे, मग ते वर्तमानपत्रावर पसरून अंघोळीला निघून जायचा. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती, वास घ्यायला मनाई नव्हती. बाहेर आला की चिमूटभर बोटांत दाबून बघणार आणि मगच पाइप भरणार. हे सगळं कशासाठी ते स्वतः पाइप हातात घेतल्यावर कळलं.

नवीन माणूस काय करतो तर डबा उघडतो, नाकाला लावतो आणि जो वास गोड तो घेतो. डब्यातला वास आणि जळताना जिभेवर येणारी चव यांचा फारसा संबंध नसतो हो. व्हॅनिला, चेरी हे वरून फवारलेलं असतं, पेटवल्यावर त्यातलं बरंच उडून जातं आणि मागे पान उरतं. म्हणून पान कुठलं ते आधी बघावं असं माझं ठाम मत आहे. मी बर्ली आणि व्हर्जिनियाच्या साध्या मिश्रणाने सुरुवात केली. बर्ली हवेवर वाळवतात, तिच्यात साखर जवळजवळ राहत नाही, चव खमंग, जराशी कोकोकडे जाणारी. व्हर्जिनिया गरम हवेवर वाळवतात त्यामुळे साखर टिकते, गवताची गोडसर चव येते पण घाईने ओढली की जीभ पोळते. दोन्ही एकत्र असल्या की नवख्याला सांभाळून घेतात.

तुम्ही कशाने सुरुवात केलीत, का केलीत, काय जमलं ते लिहा. सोडलेल्यांनीही लिहा.

पानगळ

मी गोडवाल्यांच्या बाजूने. ब्लॅक कॅव्हेंडिशने सुरू केलं आणि अजून तीच ओढते. कॅव्हेंडिश म्हणजे वेगळं झाड नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पान वाफवून दाबून मुरवायची पद्धत आहे ती, व्हर्जिनियाचीही होते बर्लीचीही होते. चव मवाळ असते, नवीन माणसाला अंगावर येत नाही. आणि घरात इतर माणसं राहतात की, त्यांना तो वास सुसह्य होतो हा मुद्दा संथधूर तुम्ही सोडून दिलात!! माझ्या घरात लटाकिया पेटली तर मला बाल्कनीत झोपावं लागेल

खडूफळा

वाळवा वाळवा वाळवा. बाकी सगळं नंतर.

डबा उघडला की लगेच भरायची नाही. अरोमॅटिक, म्हणजे वरून सुगंध घातलेली, तर फारच ओली असते, त्यात ओलावा धरून ठेवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते वाळता वाळत नाही. ओली तंबाखू पेटत नाही म्हणून माणूस जोरात ओढतो, जोरात ओढली की वाफ होते, ती वाफ जीभ भाजते, आणि मग म्हणतो ही तंबाखूच वाईट. चिमटीत दाबा, गोळा होऊन तसाच राहिला तर ओली, हळूहळू उलगडला तर बरोबर, कुरकुरीत मोडली तर जास्त वाळली. मामा अंघोळीला जायचे ते यासाठीच. टाइप करता करता गॅसवरचं उतू गेलं, येतो

निशिगंध

मी पाइप ओढत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. बाबा ओढायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, त्यांचे पाइप माझ्याकडे आहेत, कपाटात एका शाली खाली. अजून वास येतो. त्यांची तंबाखू कुठली होती हे कोणी वासावरून सांगू शकेल का? थोडासा गुलाबासारखा, साबणासारखा वास आहे, लहानपणी मला वाटायचं बाबा अत्तर लावतात.

लटाकियावाला

निशिगंध ताई, ती बहुधा लेकलँड पद्धतीची असणार! इंग्लंडच्या उत्तर भागात केंडल गाव आहे, तिथे सॅम्युएल गॅविथ आणि गॅविथ हॉगार्थ ही जुनी घराणी. तिथल्या काही मिश्रणांत जिरेनियम, गुलाब, टोंका बी असे सुगंध घालतात. तो वास पाइपच्या लाकडात इतका बसतो की पुढे दुसरी कुठलीही तंबाखू भरा, तोच येतो. वडिलांची निवड फार ठाम होती बघा, अशी तंबाखू अधूनमधून ओढणारे कमी, एकतर आयुष्यभर नाहीतर कधीच नाही.

पाइप आतून पाण्याने धुऊ नका, कोरड्या पाइप क्लीनरने पुसून ठेवा. स्टेमवर (तोंडात धरायच्या नळीवर) हिरवट थर आला असेल तर तो एबोनाइट रबराचा आहे, उजेडात ठेवू नका.

निशिगंध

हिरवट थर आहे!! थँक्यू दादा. केंडल. हे नाव डब्यावर वाचल्यासारखं वाटतंय. भावाला फोन करते आत्ता.

उनाडपाऊस

डायरेक्ट विषयावर येतो, मित्राने मला पहिल्यांदा दिली ती काळी दोरी. अक्षरशः दोरी, पान पिळून वळलेली, सुरीने चकत्या पाडून द्यायची. अर्ध्यात पोचलो नाही तोच उचक्या लागल्या, मग घाम, मग भिंत धरून बसलो. तो म्हणतोय अरे मस्त आहे ना. 😅 नंतर कळलं की धूर छातीत न घेताही तोंडाच्या आतल्या त्वचेतून निकोटिन चढतं. नव्या लोकांनी डब्यावर स्ट्रेंग्थ काय लिहिलीय ते बघावं, आणि चव किती भरगच्च आणि निकोटिन किती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही. लटाकिया वासाला दांडगी पण निकोटिनला साधीच असते, उलट डार्क फायर्ड केंटकी (आगीच्या धुरावर वाळवलेलं पान) गुपचूप चढते. उपाशीपोटी तर नकोच

पानगळ

@उनाडपाऊस उचकी हा पहिला इशारा, तिथेच पाइप खाली ठेवायचा. काहीतरी गोड तोंडात टाकलं की बरं वाटतं. आणि तो मित्र अजून मित्र आहे का

उनाडपाऊस

आहे, आता मेव्हणा आहे

लटाकियावाला

हा हा, दोरीनेच बांधला म्हणायचं.

माझं उलटं झालं. लोक म्हणतात नवख्याने लटाकियाच्या वाट्याला जाऊ नये, मी पहिलाच टिन इंग्लिश मिश्रणाचा घेतला आणि तिथेच थांबलो. लटाकिया म्हणजे पान लाकडाच्या आणि झुडपांच्या धुरावर धरून काळं केलेलं, नाव सीरियातल्या बंदराचं पण आता येते ती सायप्रसची. त्यात व्हर्जिनिया आणि ओरिएंटल (तुर्की जातीचं बारीक पान) मिसळलं की झालं इंग्लिश. माझं म्हणणं एवढंच की ज्याला धुरकट वास मुळात आवडतो त्याने उगाच चेरीच्या वाटेने जाऊन वर्ष घालवू नये. फक्त मिश्रणात लटाकिया कमी असलेलं घ्या. अर्ली मॉर्निंग पाइप नावाचं मिश्रण त्या जातीतलं, हलकं. नाइटकॅप मात्र रात्रीसाठीच, त्यात पेरिकही (आंबवलेली तिखट तंबाखू) आहे. दोन्ही पूर्वी डनहिल नावाने यायची, 2018 ला ते बंद झालं तेव्हा मी खरंच उदास झालो होतो, मग पीटरसनच्या नावाने परत आली.

आणि लटाकियाला पाइप वेगळा ठेवा. हे कळकळीने सांगतोय.

गजरा_नको

पाइप वेगळा ठेवा म्हणणाऱ्यांना एक सोपा उपाय, मक्याच्या कणसाचा पाइप. मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून बनतात. त्यात वास फारसा चिकटत नाही, नव्या पाइपसारखा हळूहळू रुळवावा लागत नाही, ब्रायरपेक्षा (नेहमीच्या लाकडी पाइपपेक्षा) बराच स्वस्त, आणि कणीस ओलावा शोषून घेतं त्यामुळे ओली अरोमॅटिकही बरी लागते. मी नवीन तंबाखू आधी कणसात ओढून बघते, आवडली तरच तिला ब्रायर. नाहीतर महागड्या पाइपमध्ये नावडता वास घेऊन बसा!

दंतकथा

मी दाताची डॉक्टर आहे, धागा बंद पाडायला आलेली नाही, पण इथे नवीन लोक वाचतायत म्हणून लिहिते. धूर छातीत घेत नाही म्हणजे काही होत नाही असं अजिबात नाही. पाइपने तोंडाचा, ओठाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर होऊ शकतो, फुप्फुसाचाही, हिरड्या खराब होतात. सवयही लागते. तंबाखू सौम्य निवडली म्हणून धोका जात नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर दाखवून घ्या, वाट बघू नका. ज्यांनी अजून सुरूच केलं नाही त्यांनी न केलेलं सगळ्यात चांगलं, हे मी मनापासून म्हणते.

संथधूर

डॉक्टर, बरं झालं लिहिलंत. मामा शेवटी शेवटी त्याच कारणाने गेला, घसा. मी आता फार क्वचित ओढतो, कधी कधी तर नुसता डबा उघडून वास घेऊन ठेवून देतो.

दंतकथा

वाईट वाटलं वाचून. तुम्ही तपासणी करून घेत जा हं.

निशिगंध

🙏 संथधूर.

भावाने सांगितलं, केंडलच! डबा अजून त्याच्याकडे आहे, त्यात खिळे ठेवलेत त्याने.

बारकाईने

पेरिकचा उल्लेख झाला म्हणून. अमेरिकेत लुईझियानात सेंट जेम्स पॅरिश (जिल्हा) आहे, खरी पेरिक तिथलीच. पानं ओकच्या पिंपात दाबून बसवतात, वर स्क्रूचा जॅक, आणि आपल्याच रसात आंबू देतात, मधे मधे काढून मोकळी करून परत दाबतात, सगळं मिळून वर्षभर तरी जातं. वास अंजीर-मनुकांकडे जातो, चव मिरीसारखी. नुसती ओढत नाहीत, व्हर्जिनियात थोडी घालतात. नवख्यांनी व्हर्जिनिया पेरिक लवकर घ्यावी की नाही यावर भांडणं होतात, मी म्हणेन हळू ओढता येत असेल तर खुशाल घ्या. झुरका म्हणजे जेमतेम श्वास, पाइप हातात कोमट लागला पाहिजे, गरम लागला तर खाली ठेवा, विझला तर विझू द्या, परत पेटवायचा. विझण्याची लाज काही लोकांना का वाटते कळत नाही, वाळलेली तंबाखू आणि वारंवार विझणारा पाइप यातच खरी चव आहे.

खडूफळा

आलो. +1 बारकाईने. आणि पेटवताना दोनदा, पहिल्यांदा पेटवली की वरचे तंतू फुगून वर येतात, ते टॅम्परने (दाबायच्या छोट्या दांडीने) हलकेच बसवायचे आणि मग दुसऱ्यांदा पेटवायची. काडी वापरत असाल तर डोक्यावरचं गंधक जळून जाऊ द्या आधी. पेट्रोलचा लायटर नको, चव लागते त्याची.

उनाडपाऊस

माझी मांजर टॅम्पर घेऊन पळते. कोणाकडे उपाय?

गजरा_नको

खिळा वापरा, चपट्या डोक्याचा. निशिगंध ताईंच्या भावाकडे आहेत डबाभर

निशिगंध

😂😂 देते पाठवून

नवाकोरा

खूप दिवस नुसता वाचतोय, आता विचारतोच. वय चाळीस, सिगारेट कधीच नव्हती, एक ब्रायर भेट मिळालाय. डॉक्टरांचं वाचलं, समजलं, तरी महिन्यातून एखाद वेळा ओढावासा वाटतो. फ्लेक (दाबलेल्या पट्ट्या) घेऊ की सुटी? आणि एकच डबा घ्यायचा तर कुठला? भेट देणाऱ्याने सोबत फळाचा वास असलेली दिलीय, ती भरली की तळाशी गुळगुळ आवाज येतो आणि जीभ चरचरते.

संथधूर

गुळगुळ म्हणजे तळाशी पाणी साचलं, पाइप क्लीनर स्टेममधून आत सरकवून टिपून घ्या, पाइप न विझवताही करता येतं. ती तंबाखू फेकू नका, तासभर पसरून ठेवा, तळाला सैल भरा आणि वर जरा घट्ट, ओढून बघितल्यावर किंचित अडलं पाहिजे, फार नाही.

सुरुवातीला सुटी, म्हणजे रिबन (बारीक तंतू कापलेली) किंवा रेडी रब्ड (आधीच चोळून दिलेली) घ्या. फ्लेक चोळणं, किती बारीक, किती वाळलेली, हे सगळं एकदम शिकायला गेलात तर चव कशाने बिघडली तेच कळणार नाही. एकच डबा म्हणाल तर बर्ली जास्त आणि व्हर्जिनिया थोडी, वरून सुगंध कमीत कमी. प्रिन्स अल्बर्ट 1907 पासून चालू आहे, ती याच घरातली, बर्लीची. तिच्यात बरे झालात की मग ठरवा, गोडीकडे ओढ आहे तर व्हर्जिनिया, धुराकडे आहे तर लटाकियावाल्यांना विचारा, ते रात्री दोनलाही उत्तर देतील.

लटाकियावाला

देईन! आणि एका डब्याचं मत एका बैठकीत बनवू नका. तोच डबा कोरडा, ओला, सकाळी, रात्री वेगळा लागतो. जीभ पोळलेली असेल तर काही दिवस काहीच ओढू नका, पोळलेल्या जिभेवर सगळ्या तंबाखू सारख्याच लागतात.

नवाकोरा

खूप आभार सगळ्यांचे. महिन्यातून एखादवेळा म्हणजे 50 ग्रॅमचा डबा संपेपर्यंत वाळून जाईल ना?

पानगळ

काचेची घट्ट झाकणाची बरणी, गळ्यापर्यंत भरायची, अंधारात ठेवायची, वर्षानुवर्षं टिकते. व्हर्जिनिया तर मुरते आणि अजून छान होते. माझी गोडवाली मात्र मुरत नाही, वरचा सुगंध उडत जातो, तेव्हा ती लवकर संपवायची. बरणीवर नाव आणि तारीख चिकटवा, तपकिरी तंतू सगळे सारखेच दिसतात.

उनाडपाऊस

आणि बरणी मांजरीच्या उंचीच्या वर