डायलॉगच्या बटणात अख्खं काम कोंबायचं का?

दांडियाबाजारकर:
इथल्या एका फरसाणवाल्यासाठी ऑर्डरचं अँड्रॉइड ॲप करतोय. आमच्या नव्या मुलाने 'ऑर्डर रद्द करायची?' हा डायलॉग, म्हणजे प्रश्नाची छोटी चौकट, दाखवला आणि लगेच खालच्या ओळीत उत्तर तपासलं. पण अलर्टडायलॉगचं शो हे फंक्शन काही थांबत नाही, डायलॉग मांडून पुढे जातं. 'हो' दाबायच्या आत तपासणी उरकलेली, ऑर्डर तशीच. मग त्याने सगळं 'हो'च्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, घातलं. त्यात 'पैसे परत केले?', त्याच्या आत 'पावती पाठवू?'. आता काय कुठून सुरू होतं ते मलाही उमगत नाही.

माझं ठाम मत आहे, बटणाने फक्त उत्तर कळवावं. पुढचा निर्णय एका जागी, वरून खाली वाचता येईल असा हवा. कोटलिन भाषेत सस्पेंड फंक्शन, म्हणजे मध्येच थांबून पुढे चालू होणारं फंक्शन, लिहा. उत्तर येईपर्यंत कोरूटीन (ते चालवणारं काम) थांबते आणि पडदा चालवणारा मुख्य थ्रेड मोकळा राहतो.

रावपुरेकर:
अजिबात पटलं नाही. फोन आडवा करून बघा. ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा तो पडदा, नव्याने बनते, तिच्या स्कोपमधली (तिच्या आयुष्याला बांधलेली) कोरूटीन रद्द होते, डायलॉगही जातो. तुमचा वरून खाली वाचता येणारा कोड अर्ध्यातच संपला! दोन बटणांना कॉलबॅकच सरळ. एकात एक तीन डायलॉग झाले ते तीनदा विचारल्यामुळे. गिऱ्हाईक समोर उभं असताना सगळं एकाच पडद्यावर विचारा ना.

दांडियाबाजारकर:
एक पडदा, हे कबूल. आजच बदलतो. पण फोन फिरवल्यावर तुमचा कॉलबॅक तरी कुठे टिकतो? डायलॉगफ्रॅगमेंट (अँड्रॉइडने सांभाळलेला डायलॉग) पुन्हा उभा राहतो, त्याला दिलेला लॅम्डा, म्हणजे कॉलबॅकचा कोड, मात्र गेलेला असतो. 'हो' दाबलं तरी ढिम्म.

मांजलपूरची:
दादा, तुम्ही दोघं बटणांवरच अडलात. माणूस बॅक दाबतो किंवा डायलॉगच्या बाहेर टिचकी मारतो, तेव्हा दोन्ही बटणांचे कॉलबॅक चालतच नाहीत. डायलॉग रद्द झाल्यावर चालणारा कॉलबॅक, म्हणजे लिसनर, लावला नाही तर ती कोरूटीन तशीच लटकत राहते. माझ्या एका ॲपमध्ये 'कृपया थांबा'चं चक्र त्यामुळेच फिरत राहिलं होतं, दोन दिवस शोधत होते. तेव्हापासून 'या ऑर्डरबद्दल विचारणं चालू आहे' ही स्थिती मी व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे पडद्याची माहिती वेगळी सांभाळणाऱ्या भागात, ठेवते. फोन फिरला तरी ती राहते, डायलॉग तिच्यावरून पुन्हा काढायचा. हो, नाही, बॅक, तिन्ही उत्तरं तिथेच पोचतात.

रावपुरेकर:
ताई, बॅकचं बरोबर आहे, माझ्याही कोडमध्ये तो लिसनर नाही. पैशांच्या व्यवहाराला व्ह्यूमॉडेल वापरेन. पण नुसत्या 'लॉगआउट करायचं?'साठी एवढी मांडामांड मी करणार नाही. तिथे कॉलबॅकच.