देव आहे हे तर्कानं सिद्ध करता येतं का? घरात भांडण पेटलंय

शेंगाचटणी_सोलापूर
गड्ड्याला (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) आमचे वडील दरवर्षी बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घालून नंदीध्वजांसोबत (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) असतात, तैलाभिषेकाच्या दिवशी अडुसष्ट लिंगांची पूर्ण प्रदक्षिणा, तीपण अनवाणी. यंदा धाकटा भाऊ पुण्याहून आलता, जेवताना म्हणला देव असल्याचा एक तरी पुरावा द्या. वडील काहीच बोलले नाहीत, ताटावरून उठले, आणि आई भडकली माझ्यावर (हे का ते मला अजून कळलं नाही). माझा स्वतःचा विश्वास आहे पण कशावरून म्हणलं की तोंड बंद. खरंच सिद्ध होतं का हे? प्रवचन नको, ते व्हॉट्सअॅपवर रोज येतंय.

कन्नाचौक
प्रयत्न भरपूर झालेत. साधारण हजार वर्षांपूर्वी न्यायदर्शनाच्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेतल्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली लिहिली ती ह्याचसाठी. मुख्य मुद्दा असा की मडकं आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हे कार्य आहे म्हणजे त्याला कर्ता पाहिजे. आता अडचण बघा, कुंभार माती तयार करत नाही, फक्त आकार देतो. नैयायिकांना (ह्या न्यायदर्शनवाल्यांना) ते चालतं, त्यांच्या मते परमाणू कायमचेच आहेत, ईश्वर ते जुळवतो. पण सिद्धेश्वरापुढं हात जोडणाऱ्या माणसाचं तेवढ्या देवावर भागतं का? आणि भावाला सांग, तू काय पहिला नाहीस बे, वेद मानणाऱ्या मीमांसकांनीसुद्धा जग बनवणारा ईश्वर नाकारलाय आणि सांख्य दर्शनाच्या सांख्यसूत्रात तर सरळ ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही, म्हणून ठेवलंय. युरोपात अँसेल्म नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूनं नुसत्या ‘सर्वांत थोर’ ह्या कल्पनेवरून (सर्वांत थोर म्हणजे तो असायलाच पाहिजे) देव काढून दाखवला, जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८१ मध्ये तो मुद्दा मोडला.

लूमवाला
ग्रंथ राहू द्या, टेस्ट बोला. अमेरिकेत १८०२ बायपास पेशंटवर प्रार्थनेचा प्रयोग झाला, निकाल २००६ ला छापून आला. आपल्यासाठी प्रार्थना होते का नाही हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यात, प्रार्थना झालेल्या ५२ टक्के लोकांना त्रास झाला, न झालेल्या ५१ टक्के. म्हणजे फरक शून्य. आणि नक्की होतेय असं ज्यांना सांगितलं त्यांच्यात ५९!! टेन्शन आलं असणार बिचाऱ्यांना.

बाळीवेसची_अक्का
माझं ऐका, मी रोज इष्टलिंग (आम्ही लिंगायत गळ्यात घालतो ते छोटं लिंग) तळहातावर घेऊन बसते. लोक म्हणतात अनुभव आला की कळतं, मला तर आजवर कसलाच अनुभव नाही आला, उजेड नाही की आवाज नाही, कधीकधी निम्मं लक्ष कुकरच्या शिट्टीकडं असतं, तरी बसते आणि उद्याही बसणार. सिद्धरामाची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची लहानपणची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय तुम्ही, शेतात त्याच्याकडं मल्लय्यानं (श्रीशैलचा मल्लिकार्जुन, महादेवच) हुरडा मागितला, खाल्ला, मग दहीभात मागितला, पोरगं घरी पळत जाऊन घेऊन आलं तर शेतात कुणीच नाही. रडत रडत श्रीशैलापर्यंत गेलं पोरगं. मला नेहमी वाटतं, गेला नसता तरी आपल्याला समजून घेता आलं असतं की. आणि परत येऊन केलं काय, तर लोकांसाठी तळं खोदलं. शेंगाचटणी, वडलांना पुरावा मागू नका, चालताना मनात काय असतं ते विचारा.

लूमवाला
अक्का, तुमच्या पूजेला आपला काहीच आक्षेप नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातसुद्धा पूजा, यात्रा, वारीला हात लावलेला नाही. पण कुणी ताप आलेल्या पोराला दवाखान्यात न नेता अंगारा लावायला लागला तर तिथं मी पुरावा मागणारच.

बाळीवेसची_अक्का
तिथं मी तुमच्या आधी मागीन.

कन्नाचौक
@लूमवाला तुमच्या प्रयोगानं फार तर नवस फेल गेला, देव नाही. प्रत्येक प्रार्थना ऐकायचीच असं त्याच्यावर कुठं बंधन आहे?

लूमवाला
बरोबर, म्हणजे फरक पडला असता तर तुम्ही देव पावला म्हणला असता, नाही पडला तर त्याची मर्जी. कुठलाही निकाल आला तरी तुमचा देव सेफच. मग उदयनाचार्य कशाला काढले बे मगाशी?

शेंगाचटणी_सोलापूर
भाऊ मागून वाचतोय, म्हणतोय कांटनं नेमकं कसं मोडलं ते जरा सोपं करून सांगा.

कन्नाचौक
मनातले शंभर रुपये आणि खिशातले शंभर रुपये, दोन्हींचं वर्णन सेमच असतं. ‘आहे’ म्हणल्यानं वर्णनात काही वाढत नाही, त्यामुळं नुसत्या वर्णनातून ‘आहे’ बाहेर काढता येत नाही, खिसाच तपासावा लागतो. हा मार अँसेल्मला आहे, उदयनाला नाही, ते मडक्यापासून सुरू करतात. त्यावर उद्या लिहितो, आता सेकंड शिफ्ट आहे.