घरी प्लग नसेल तर इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

गाडीवान:
थेट मुद्द्यावर येतो. ज्याच्या हक्काच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, त्याने इलेक्ट्रिक गाडीच्या भानगडीत पडू नये. रेंज, मॉडेल, फीचर्स हे सगळं नंतर. घरी ३ किलोवॉटचा साधा प्लग असला तरी रात्रीच्या दहा तासांत ३० युनिट वीज मिळते. लहान-मध्यम गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात असं धरलं, तर थोडी गळती वजा जाता दीडशे किलोमीटर आरामात निघतात. एवढं रोज कोण फिरतं? घरी प्लग असलेल्याच्या डोक्यात चार्जिंगचा विचारही येत नाही. बाकीच्यांचा आठवडा चार्जरभोवती फिरतो. पेट्रोल पंपावर रांग असली तरी ती पुढे तरी सरकते!

चौकस:
साफ असहमत. चार्जरला पंप समजलं की सगळा घोळ सुरू होतो. गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते ना? मग ती जिथे उभी असते तिथे प्लग हवा, तो घरचाच कशाला? ऑफिसात ७ किलोवॉटचा एसी (घरच्यासारख्या विजेवर चालणारा, संथ) चार्जर असेल तर सहा तासांत ४० युनिट होतात. लंडनमध्ये तर रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर चार्जिंग सॉकेट बसवलेत. वेग कमी, पण रात्रभर गाडी तिथेच असते, घाई कोणाला आहे?

गाडीवान:
७ किलोवॉट चार्जरवर लिहिलेले असतात हो. कित्येक गाड्यांचा ऑनबोर्ड चार्जर, म्हणजे एसी वीज बॅटरीत भरणारा गाडीतलाच भाग, ३.३ किलोवॉटच घेतो. मग समोर २२ किलोवॉटचा एसी खांब असला तरी काय उपयोग?

खवचट:
आणि ऑफिसात दोन चार्जर, वीस गाड्या. सकाळी पहिला येणारा गाडी लावतो ती संध्याकाळीच काढतो. शंभर टक्के होऊन चार तास झाले तरी साहेब मीटिंगमध्ये.

मंजुळा:
माझ्याकडे घरी प्लग नाही, सगळा कारभार बाहेरच्या फास्ट चार्जरवर. गाडी आवडते, विकणार नाही. पण जाहिरातीत न सांगितलेलं थोडं सांगते. चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलेलं असतं. त्याच मशीनच्या दुसऱ्या गनला (गाडीत खुपसायच्या केबलला) कोणी गाडी लावली की बऱ्याच मशीनवर ते निम्मे होतात. ८० टक्क्यांनंतर बॅटरी स्वतःच करंट कमी करत नेते, त्यामुळे शेवटचे वीस टक्के जीव खातात. थंडीत बॅटरी गार असेल तर सुरुवातच रडतखडत होते. हे सगळं सवयीचं होतं. डोकं फिरतं ते बंद मशीनमुळे. एकदा ॲपवर ‘उपलब्ध’ दिसणारा चार्जर गन लावली की एरर देत होता. हेल्पलाइनवाला रीस्टार्टच करत बसला. शेवटी मागच्या माणसाने दाखवलं: लाल इमर्जन्सी बटण कोणीतरी दाबून ठेवलं होतं. ते फिरवून सोडलं, चार्जिंग सुरू.

गाडीवान:
मंजुळाताई, माझीच बाजू मांडलीत की! पेट्रोल भरणाऱ्याला पंपाचं बटण फिरवायला लागतं का?

मंजुळा:
नाही हो, तुमची बाजू नाही. एका जागी एकच मशीन असेल तर मी वळून बघत नाही. चार-सहा गन असल्या की एक बंद पडली तरी काम अडत नाही. माझी तक्रार देखभालीची आहे, गाडीची नाही.

चौकस:
+१. २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. कडाक्याच्या थंडीचा देश आहे तो.

खवचट:
आणि तिथले बहुतेक लोक चार्जिंग घरी करतात, तेवढं लिहायचं राहिलं वाटतं.

चौकस:
बरं, मान्य. पण इमारतीत राहणाऱ्यांना पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा हक्क तिथे कायद्याने दिलाय. आभाळातून पडला नाही तो. गाडीवान, तुमचं ‘घेऊच नका’ ऐकलं तर इमारतीच्या सभेत प्लग मागणार कोण?

गाडीवान:
सभेत मागा, जरूर मागा. गाडी मात्र प्लग लागल्यावर घ्या.

मंजुळा:
तेवढं थांबायचं नसेल तर बुकिंगआधी जवळच्या चार्जरवर कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला एक चक्कर मारा. किती गन चालू आहेत, किती लोक ताटकळताहेत ते मोजा. शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही.