शब्दचर्चा : 'पेरेनियल' म्हणजे बहुवर्षायू की बारमाही?

भाषांतरवाली :
अठराव्या शतकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रोपं-बियांचा व्यापार करणाऱ्या बार्ट्रम बाप-लेकांवरचा एक लेख मराठीत आणतेय. जॉन बार्ट्रमच्या पश्चात मुलांनी १७८३ मध्ये विक्रीची यादी छापली. तिच्या शीर्षकातच तीन गट आहेत : ट्रीज, श्रब्ज, हर्बेशस प्लांट्स (म्हणजे लाकडी खोड नसलेली रोपं). झाडं आणि झुडपं इथवर अडचण नाही. पण लेखात पुढे 'हर्बेशस पेरेनियल' येतं. 'बारमाही शोभेची रोपं' म्हटलं तर चालेल का?

माळीबुवा :
बारमाही नको. बारमाही म्हणजे वर्षभर हिरवी, वर्षभर फुलणारी, आपल्या सदाफुलीसारखी. बार्ट्रमने अमेरिकेतल्याच ऑस्वीगोहून आणलेलं मोनार्डा हे फुलझाड घ्या. तो थंडीत जमिनीलगत पार वाळतो आणि वसंतात मुळांतून पुन्हा फुटतो. जगतो अनेक वर्षं, दिसतो अर्धं वर्ष. आपली शेवंतीच घ्या ना. बहर संपला की छाटतो, मग बुडातून काश्या येतात, त्या लावतो. तिला कोणी बारमाही म्हणत नाही.

कोशकिडा :
विश्वकोशाची परिभाषा तयार आहे : वर्षायू, द्विवर्षायू, बहुवर्षायू. 'श्रब'ला क्षुप आणि 'हर्ब'ला ओषधी. म्हणजे 'बहुवर्षायू ओषधी'. प्रश्न मिटला.

भाषांतरवाली :
मिटला कसा? 'ओषधी' वाचून दहातले नऊ जण औषध समजतील. त्यात मोनार्डाच्या पानांचा चहा तिकडे खरोखर पीत, म्हणजे घोटाळा दुप्पट. आणि 'क्षुप' मी आजवर एकाही नर्सरीवाल्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

माळीबुवा :
झुडूपच लिहा. फरक लाकडाचा आहे. झुडपाचं खोड लाकूड धरतं, हिवाळ्यातही उभं असतं. हर्बेशस रोपांचा वरचा भाग मरतो, जीव मुळांत राहतो. त्या धंद्यात हा फरक फार मोलाचा होता. लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन बार्ट्रमचा माल तिकडच्या हौशी जमीनदारांपर्यंत पोचवायचा. पाच गिनींना (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) एक पेटी, तिच्यात शंभराच्या आसपास जातींचं बी. बी तरी बरं, जिवंत रोपांचे हाल विचारू नका : खारं पाणी, उंदीर, आठवडेच्या आठवडे जहाजात. झोपी गेलेलं मूळ ओल्या शेवाळात गुंडाळलं तर तग धरायची आशा असते. काल्मियासारख्या सदाहरित झुडपाची पानं मात्र वाटेतही पाणी मागत राहतात. तेव्हा 'बहुवर्षायू' ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे 'दरवर्षी मुळांतून नव्याने फुटणारी' एवढं जोडा.

कोशकिडा :
जोडा की. फक्त 'रोपवाटिका' लिहू नका, वाचकाला पिशव्यांतली रोपं दिसतील. या लोकांचा मुख्य माल बी होता.

भाषांतरवाली :
'नर्सरी'च लिहिते. आणखी एक, यादीत फ्लॉक्स हे फुलझाडही आहे. तो आपल्याकडे हिवाळ्यात लावतात तोच ना?

माळीबुवा :
नाही. आपल्या कुंड्यांतला हंगामी फ्लॉक्स टेक्ससचा, एका वर्षात संपणारा. तो १८३० च्या दशकात ब्रिटनमध्ये पोचला, म्हणजे या यादीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. यादीतला वेगळा. तळटीप द्याच, नाहीतर कोणीतरी ऑक्टोबरात पाकीट फोडून पुढच्या वर्षीची वाट बघत बसेल.

भाषांतरवाली :
आणि लेखातला फ्रँकलिनिया? त्याला कुठे झाड लिहिलंय, कुठे झुडूप. बार्ट्रम पितापुत्रांना १७६५ मध्ये जॉर्जियात अल्टामाहा नदीकाठी सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर तो रानात कोणालाच दिसला नाही. आज जो आहे तो बागांमधलाच.

माळीबुवा :
तो कधी एका खोडावर चढतो, कधी बुडापासूनच फांद्या काढतो, म्हणून दोन्ही लिहितात. 'लहान झाड' म्हणा. फुलं पांढरी, उन्हाळा सरताना येतात. कुळ चहाचं आहे हेही लिहा, आपल्या वाचकाला पटकन ओळख पटेल.

कोशकिडा :
लहान झाडाला 'वृक्षक' असा शब्द आहे हं.

भाषांतरवाली :
असू दे. 'लहान झाड' लिहिलं.